न्या-सेन्सेईस, खैतानहून

खैतान, शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

ज्ञाना, माझे माय,

आधी सांगते, अक्षराला हसायचं नाही. तूच फोनवर म्हणालीस की आजी, मला तुझ्या हातचं पत्र पाठव, मोबाईलवरचं नको. आता चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर ते, चौथीतच राहिलं. तुला बाराखडी मीच शिकवली, आठवतं? तुझे आजोबा गेले आणि मी गावाहून इथं कुवेतला आले, तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. म्हणायचीस, आजी, तुझा 'ख' म्हणजे 'रव' दिसतो. अजून तसाच आहे. जिथं वाचता येणार नाही तिथं अंदाजानं घे.

वही खालच्या बकाल्यातनं आणली. दुकानदार हमजा आहे ना, मिसरचा, त्यानं विचारलं, "मामा, स्कूल?" आपल्यात मामा म्हणजे आईचा भाऊ आणि त्याच्यात मामा म्हणजे आईच. आठ वर्षं झाली, मी काही त्याला सुधारत नाही. म्हणलं, "मेरा स्कूल नहीं. ज्ञानदा टीचर. जपान." त्यानं दोन्ही हात वर केले, "माशाल्ला! जपान!" आणि शेजारी उभ्या दोन गिऱ्हाइकांना अरबीत सांगितलं. तेही माझ्याकडं बघून माना हलवायला लागले. मला असं झालं बघ, जणू मीच विमानात बसून जाऊन आले.

सगळ्यांना सांगते मी. लिफ्टमध्ये सांगते, जिन्यात सांगते. परवा मंडळाच्या कोजागिरीत एक बाई मला म्हणाल्या, "इंग्रजी शिकवायला एवढ्या लांब? तेही खेड्यात?" मी म्हणलं, ज्याला येत नाही त्यालाच शिकवायचं असतं, येणाऱ्याला शिकवून काय करायचं? मग त्यांच्या दुधात साखर कमी होती म्हणाल्या.

तुझी आई मजेत. दवाखान्याच्या लॅबमध्ये आता तिची सकाळची पाळी लागली, पहाटे पाचला उठून डबा करते. मी म्हणते, अर्चना, मी करते गं पोळ्या, तर म्हणते, आई, तुमच्या पोळीला वेळ लागतो आणि बस थांबत नाही.

तुझा बाबा पण मजेत. रोज तुझी चौकशी करतो. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत काम लई वाढलंय, त्या तेलाच्या पाइपांवरची घड्याळं बघायची असतात त्याला, घड्याळ म्हणजे दाब मोजायचं ते. दमून येतो, म्हणून तू व्हिडिओवर असतीस तेव्हा आत जाऊन पडतो. मनाला लावून घेऊ नको. तू निघालीस त्या दिवशी माझ्या गुडघ्यानं दगा दिला आणि तुझ्या आईला रजा मिळाली नाही, म्हणून तो एकटाच विमानतळावर आलता. परत आला तो बूट न काढता सोफ्यावर बसून राहिला. दमला असणार.

तिथं थंडी पडली का? पायमोजे घालून झोपत जा. हे पत्र योगिनी पोस्टात टाकील. समोरच्या फ्लॅटमधली नर्स. तिच्या वाटेवर पोस्ट आहे.

आजी

*

खैतान, १ डिसेंबर २०२४

ज्ञाना माय,

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं बघितलं, दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा तुझ्या आईला आणि योगिनीला बसवून मोठ्यानं वाचलं. तू 'शाळेत एकोणीस मुलं आहेत' असं लिहिलंस तिथं योगिनी म्हणाली, "एकोणीसशे असतील, आजी, शून्यं राहिली असतील." मी म्हणलं, माझी नात शून्यं विसरत नाही. सबंध शाळेत एकोणीस! आमच्या गावच्या शाळेत सुद्धा जास्त होती. आणि म्हातारी माणसंच उरलीत गावात म्हणतीस, पोरं शहरात गेली. वाचून वाटलं, अगं हे तर सगळं ओळखीचंय. फक्त बर्फ नवा.

पोरं वर्ग स्वतः झाडतात, फडकी मारतात, हे वाचून तुझी आई म्हणाली, "आणि घरी हिला चहाचा कप उचलायला सांगावा लागायचा." आता तू त्यांच्याबरोबर गुडघ्यावर बसून फरशी पुसतीस. दुपारचं जेवण पोरांसोबत, ताटात काही टाकायचं नाही. माशाचं काही असलं की तू शेजारच्या पोराला हळूच देतीस आणि तो तुला त्याचं गाजर देतो. बाईनं आणि पोरानं मिळून केलेली चोरी ती. हेडमास्तरांना कळू देऊ नको.

आणि नावाची गंमत! त्यांना 'ज्ञ' येत नाही, न्यानादा म्हणतात, आणि 'न्या' म्हणजे त्यांच्यात मांजराचं म्याव. मग न्या-सेन्सेई. मांजरबाई! फळ्यावर मांजर काढून ठेवतात तुझ्या यायच्या आधी. मी इतकी हसले की दातांची कवळी काढून ठेवावी लागली. तुझं नाव तुझ्या आजोबांनी ठेवलं होतं. गावात कुणी 'ग्यानदा' म्हणलं तरी चिडायचे. ते असते तर मांजर म्हणलेलं त्यांना... काय की. हसलेच असते बहुतेक.

एक गोष्ट मात्र वाचून मी पत्र मिटून बसले. तू लिहिलंस की वर्गात जगाचा नकाशा टांगला आणि पोरांनी विचारलं, सेन्सेई, तुमचं गाव कुठं, टाचणी लावा. तू टाचणी घेऊन उभी राहिलीस. भारतात लावावी तर तिथं तू सुट्टीला जाण्यापलीकडं राहिली नाहीस. कुवेतवर लावावी तर कुवेत त्या टाचणीच्या डोक्याखालीच झाकून गेलं. म्हणजे लावलीस कुवेतवर. बरं केलंस. इथंच जन्मली तू, फर्वानियाच्या दवाखान्यात, आणि मोठी झाली या खैतानच्या जिन्यात. जिथं आपले गुडघे फुटले ते आपलं गाव.

मी तिसरीत होते तेव्हा आमच्या गावी साताऱ्याकडच्या एक बाई शिकवायला आल्या. वीस-बावीस वर्षांच्या, एकट्या. गावानं त्यांना भाजी दिली, ताक दिलं, सरपण दिलं, जसं तुझ्या दारात त्या शेजारच्या फुमिए आजी मुळे आणि कोबी ठेवून जातात. पण संध्याकाळी त्या बाई दाराला पाठ लावून बसायच्या आणि आम्ही पोरी कुडाच्या फटीतनं बघायचो की बाई रडतात कशा. आम्हाला मजा वाटायची. आज मी बहात्तर वर्षांची आहे आणि आज मला त्या बाईची लाज वाटली. म्हणजे माझी लाज वाटली, त्यांच्यापुढं. त्या दोन वर्षांत गेल्या, नवी बाई आली नाही, आणि माझी शाळा तिथंच संपली.

तू रडतीस का? खरं लिही. मी आईला वाचून दाखवताना ते पान वगळीन.

बाबा मजेत.

आजी

*

खैतान, रविवार, ५ जानेवारी २०२५

ज्ञाना,

तुझं छोटं पत्र मिळालं. एकच ओळ मोठी होती. 'आजी, बाबा मजेत आहेत तर मग ते माझ्याशी बोलत का नाहीत? खरं सांग.'

तू रडतीस हे तू खरं लिहिलंस, मग मी खोटं कसं लिहू? रोज चौकशी करतो म्हणून लिहिलं ते मी रचलं होतं. तो काही विचारत नाही. तुझा फोन आला की आत जातो ते दमल्यामुळं नाही. एकदा दाराच्या फटीतनं बघितलं, पडला नव्हता, पलंगाच्या कडेवर बसला होता. ऐकत होता म्हणावं तर तोंड भिंतीकडं.

तुला वाटतं बँकेची नोकरी तीन महिन्यांत सोडलीस म्हणून. मलाही तेच वाटतं. त्या दिवशीचं भांडण मी स्वयंपाकघरातनं ऐकलं, सांगितलं नव्हतं तुला. तो म्हणाला होता, "खेड्यातून बाहेर पडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या आणि तू पुन्हा खेड्यात जाऊन बसणार? तेही दुसऱ्याच्या?" तू म्हणालीस, "तुम्ही पण दुसऱ्याच्याच देशात बसलायत ना, बाबा." माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. दोघंही खरं बोलत होतात, म्हणून तर लागलं.

पण मग जायच्या दिवशी त्यानंच तुझी बॅग उचलून गाडीत ठेवली होती. बॅगेचं वजन त्यानंच केलं, काट्यावर आधी स्वतः उभा राहून आणि मग बॅग घेऊन. त्यावरनं मला वाटलं होतं, निवळला. विमानतळावर काय झालं मला माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट. स्वयंपाकघरात ते दुकानानं दिलेलं कॅलेंडर असतं ना, नवीन लावलं. पहिल्याच दिवशी तुझ्या बाबानं मार्चचं पान उलटून सत्तावीस तारखेला लाल पेनानं गोल केला. तुझी आई म्हणाली, आई, तो ज्ञानाचा इकामा आहे. म्हणजे इथं राहायची तुझी परवानगी. सहा महिने बाहेर राहिलं की ती रद्द होते. तू सत्तावीस सप्टेंबरला गेलीस. सत्तावीस मार्चच्या आधी एकदा इथल्या जमिनीवर पाय लागला की झालं. नाही लागला तर पुढं यायचं ते पाहुणी म्हणून, व्हिजिटवर, परत जायची तारीख सांगून.

आणि तिकडं म्हणे नव्या माणसाला सहा महिने भरल्याशिवाय रजाच नाही. इथं सहा महिने भरले की इकामा नाही, तिथं सहा महिने भरल्याशिवाय रजा नाही. दोन्हीकडचे साहेब एकाच शाळेत शिकले काय गं?

तुझी आई म्हणाली, अहो, तिला सांगा तरी ये म्हणून. तर तो म्हणाला, "तिला तारीख माहीत आहे. यायचं असेल तर येईल. इकामा गेला की माझ्या हातात काही उरत नाही." आणि बाहेर जाऊन हमजाच्या दुकानातनं खबूसच्या रोट्या घेऊन आला, घरात पोळ्या असताना.

माझं ऐकशील? नोकरी सोड आणि ये. मी सगळीकडं तुझ्या मास्तरकीचं सांगत फिरते, माझ्या तोंडून हे शोभत नाही, पण लिहिते. शाळा दुसरी मिळेल. बाप आणि लेक असे दोन भिंतींना तोंडं करून बसलेले मला बघवत नाहीत. एक भिंत तरी जवळ आणावी म्हणते.

उत्तर लवकर टाक.

आजी

*

खैतान, शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

ज्ञाना, माझे बाई, माझे मांजरबाई,

हे पत्र मी दुपारीच लिहायला घेतलंय, ताटं अजून टेबलावरच आहेत. अर्चना म्हणते, आई, हात तरी धुवा. धुतले. डाग पडला असेल तर तो वरणाचा.

तुझं पत्र काल योगिनीनं आणून दिलं. नोकरी सोडणार नाही असं तू लिहिलंस. सहावीतली चार पोरं या मार्चमध्ये शाळेतून बाहेर पडणार, त्यांच्या निरोपाच्या दिवशी तू नसलीस तर त्यांना वाटेल बाहेरून आलेली माणसं अशीच मध्ये सोडून जातात. वाचलं. मला साताऱ्याच्या बाई आठवल्या. त्यावर पुढं बोलते. आधी दुसरं.

शेवटच्या पानावर तू सहज लिहिलंयस. मी तसंच उतरवते, म्हणजे तुला कळेल मी कशाबद्दल बोलतेय. 'आजी, इथे मुलं घरातून निघताना इत्तेकिमास म्हणतात. त्याचा अर्थ, मी जाऊन येते. घरातले म्हणतात इत्तेराश्शाई, म्हणजे जाऊन ये. फुमिए आजी रोज सकाळी कुंपणापाशी उभ्या राहून मला इत्तेराश्शाई म्हणतात. मी आधी नुसतं बाय म्हणायचे, तर त्यांचा चेहरा पडायचा. आता मी पण म्हणते. किती गोड आहे ना? आपल्या मराठीत असं काही का नाही?'

मी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. का नाही? अगं आहे की! हेच आहे! आपल्यात घरातनं निघताना 'जाते' म्हणतच नाहीत. जाते म्हणजे कायमची जाते, मेलेलं माणूस जातं. आपण 'येते' म्हणतो. बाजारात निघाली तरी येते, सासरी निघाली तरी येते. बिनशाळेच्या बाईला सुद्धा हे माहीत असतं आणि माझ्या इंग्रजी शिकवणाऱ्या नातीला ते जपानच्या म्हातारीनं शिकवलं!

हसत हसतच मी आज जेवताना सांगितलं. शुक्रवार, म्हणून तुझा बाबा घरी. मी अर्चनाला सांगत होते, त्याला नाही, पण टेबल एकच आहे. म्हणलं, "बघ की, तुझ्या पोरीला 'येते' म्हणायचं माहीतच नाही."

त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, "काय माहीत नाही?"

पाच महिन्यांत तुझ्याबद्दलचा त्याचा पहिला प्रश्न तो. मी पत्र पुढं केलं. त्यानं डाव्या हातानं धरून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आई, विमानतळावर तुझी नात मला काय म्हणाली माहितेय? 'जाते, बाबा.' मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हणलं, काय म्हणालीस? तर माझ्याकडं नीट बघून पुन्हा म्हणाली. 'जाते मी.' आणि गेली."

"मग?"

"मग काय? भांडण झालं ते झालं. पण तोंडावर कुणी असं बोलतं? मी समजलो, तिनं तोडलं. मुद्दाम, निवडून शब्द वापरला."

अर्चना म्हणाली, "अहो, ती 'आय ॲम गोइंग' म्हणत होती! मराठीत म्हणत होती, तुमच्यासाठी. एरवी तुमच्याशी अर्धं इंग्रजीतच बोलते ना?"

तो म्हणाला, "एवढी मोठी मुलगी. मराठी घरातली. हे कळत नाही?"

तेव्हा मात्र मला राग आला, ज्ञाना. मी म्हणलं, "अरुण, तू रोज सकाळी घरातनं काय म्हणून निघतोस?"

तो वाटीतलं वरण ढवळायला लागला.

"यल्ला, बाय. पंचवीस वर्षं यल्ला, बाय. ही काय म्हणते? 'पळते, बस आली.' मंडळातली माणसं काय म्हणतात? 'चला, निघतो.' मग पोरीनं ऐकायचं कुणाकडनं?"

तो म्हणाला, "तू होतीस की घरात. आठ वर्षं."

खरं सांगू, त्याला वाटलं मला टोला मारला. आणि लागलाही. कारण मी बोलता बोलता थांबले. मी होते. पण मी तर कुठं जातच नाही ना, बाई. गुडघे असे, भाषा येत नाही, बकाल्याच्या पुढं पाऊल नाही, आणि बकाल्यात जायचं ते तुम्ही सगळे कामाला, शाळेला गेल्यावर. घरात कुणी नसताना. 'येते' म्हणायला दारात कुणीतरी लागतं. तुला बाराखडी शिकवली, 'ज्ञ' सुद्धा शिकवला, आणि घरातनं कसं निघायचं ते राहून गेलं. मी गावाकडं जायचे तेव्हा विमानतळावर रडायचेच फक्त, बोलायचे कुठं.

हे मी त्याला सांगितलं. तो उठला. हात धुवायला गेला आणि नळ चालू ठेवून उभा राहिला. अर्चना उठायला लागली तर मी तिला बस म्हणलं.

परत आला तेव्हा पत्र घेतलं आणि पाकिटावरचा पत्ता वाचायला लागला. बराच वेळ. मग म्हणाला, "ही निरोपाची पोरं. त्यांचा कार्यक्रम कितीला आहे?"

"चोवीस मार्चला."

"मग सत्तावीसपर्यंत कसं जमेल," म्हणाला. एवढंच. आणि मग, "नको सोडू म्हणावं."

म्हणून आता मी मागच्या पत्रातलं सगळं मागं घेते. नोकरी सोडू नको. त्या लाल गोलासाठी तर मुळीच नको. मी भ्याले होते, म्हणून तसं लिहिलं. भ्यालेल्या म्हातारीचं ऐकायचं नसतं. साताऱ्याच्या बाई गेल्या त्या दिवशी आम्ही पोरी वेशीपर्यंत पळत गेलो होतो त्यांच्या बैलगाडीमागं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. चिडल्या असतील, किंवा रडत असतील. तू त्या चार पोरांना नीट निरोप दे. चांगलं लुगडं नेस. म्हणजे तुझ्याकडं असलं तर.

फोनची वाट मात्र बघू नको लगेच. तो हातात घेतो आणि ठेवतो. फोनवर जमत नाही त्याला. तोंड दिसलं की रडतो, आणि नुसता आवाज आला की रागावल्यासारखा वाटतो, असं तुझी आई म्हणते. मला तर तो लहानपणापासून दोन्हीकडून तसाच.

आजी

*

खैतान, गुरुवार, २७ मार्च २०२५

ज्ञाना माय,

हे पत्र ज्याच्या हातनं मिळालं त्याला आधी घरात घे. बूट काढायला सांग, तिथली पद्धत त्याला माहीत नाही. पत्र मागनं वाच, ते कुठं पळून जात नाही.

तुझ्या आईनं तुला फोनवर सांगितलं की कुवेतहून एकजण सामान घेऊन येतोय, रविवारी संध्याकाळच्या बसनं उतरेल. ते खोटं नाही. सामान आहे आणि एकजण आहे.

व्हिसाचं त्यानं एकट्यानंच केलं. आम्हाला सांगितलं सगळं झाल्यावर. काय म्हणाला ठाऊक? "ईदची सुट्टी आहे, घरात बसून काय करायचं." पंचवीस ईदा झाल्या त्याच्या इथं. सगळ्या त्यानं याच सोफ्यावर काढल्या. तुला पण तो हेच सांगेल, सुट्टी होती म्हणून आलो. सांगू दे.

बॅगेत काळा मसाला आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, आणि फुमिए आजींना खजूर. त्यांना सांग, खैतानच्या आजीकडनं. दात नसले तरी खाता येतो. साखरगाठी पण टाकलीय, तो पोचेल त्या दिवशी आपला पाडवा. बर्फात गुढी उभारता येते का बघ. नाही आली तर गाठी पोरांना वाटून टाक.

आज सत्तावीस. सकाळी मी कॅलेंडरपाशी उभी होते. तुझा बाबा आला, त्यानं पण बघितलं. म्हणलं, अरुण, आज संपलं ना तिचं इथलं? तो म्हणाला, "कागद संपला, आई." मग चहा घेत बसला. मग म्हणाला, "माझा पण दोन वर्षांनी संपेल. तुझा त्याच्याआधी. आपण इथं कुणीच कायमचे नाही. मी उगीच त्या पोरीच्याच तारखेला गोल केला."

यल्ला, बाय न म्हणता कामावर गेला. काय म्हणाला ते मी सांगत नाही, तुमच्यात काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मला काय वाटलं ते सांगू? मला वाईट वाटलं. तू या घरात येशील तेव्हा परतीचं तिकीट घेऊनच येशील, हे काही मला गोड लागत नाही. तुझी खोली आहे तशीच आहे. तुझ्या आईनं पलंगाची चादर बदलली आणि मग तिथंच बसून राहिली अर्धा तास. असं आहे. लिहिते कारण तू खरं सांग म्हणाली होतीस. पण चार पोरांच्या निरोपाचे फोटो तू पाठवलेस, त्यात ती सगळ्यात बुटकी पोरगी तुझ्या कमरेला धरून उभी आहे, तो फोटो मी हमजाला दाखवला, योगिनीला दाखवला, लिफ्टमधल्या त्या मद्रासी साहेबांना दाखवला. दोन्ही एकदम होतं बाई, छाती फुगते पण आणि दुखते पण. या वयात तरी एकेक करून व्हावं.

आता त्याच्याबद्दल. तो चार दिवस राहील. पहिल्या दिवशी फार बोलणार नाही. तुझ्या खोलीतला हिटर तपासील, गॅसची नळी बघील, खिडकीची फट बुजवील. दाब मोजणारा माणूस आहे, त्याला सगळीकडं गळतीच दिसते. करू दे. मध्ये मध्ये चहा दे. तुला वाटेल हा माफी कधी मागणार. तुला पण मागायची असेल, तुमच्या दोघांचं त्या 'दुसऱ्याच्या देशा'वरनं अजून राहिलंच आहे. घाई करू नका. वर्गात जसं नव्या पोराला उभं केल्यावर तू थांबत असशील ना, तसं थांब.

आणि शाळा दाखव त्याला, सुट्टी असली तरी. बाहेरनं दाखव.

सांगू नये, पण सांगते. आठ दिवस झाले, तो आरशापुढं दाढी करताना काहीतरी पुटपुटतो. मला वाटलं स्तोत्र सुरू केलं की काय या वयात. अर्चनानं कान लावला आणि हसत बाहेर आली. मोबाईलवरनं जपानी वाक्य पाठ करतोय, फुमिए आजींना भेटल्यावर म्हणायला. 'वाताशी वा ज्ञानदा नो चिचि देस.' मी म्हणलं, हे काय चिचि चिचि, चिचुंद्रीसारखं? तर अर्चना म्हणाली, चिचि म्हणजे बाप. मी ज्ञानदाचा बाप आहे.

चुका असतील त्यात, मास्तरीणबाई. तू काढू नको. सहा महिने हे वाक्य या घरात मराठीत कुणी म्हणलं नव्हतं.

तुझी
आजी